चुलीमागची भिंत

मशीन घरात घ्यायला दार काढावं लागलं. दार काढून भागेना म्हणून चौकटही काढली, तरी ते धूड अडकलंच. माणसं पहारी लावून, एकमेकांच्या आयाबहिणी काढत ते मागच्या खोलीकडे ढकलत होती आणि मी चौकटीचं लाकूड हातात धरून बाजूला उभी. जाऊबाई म्हणाल्या, "तुला घरात घेताना एवढा त्रास झाला नव्हता हो."

"मी माझ्या पायांनी आले होते," मी म्हटलं.

मिलिंग मशीन होतं ते, लोखंड कापून सपाट करणारं. आमचे हे ज्या कारखान्यात होते तो बंद पडला, आणि मालकाने हिशेबाच्या बदल्यात ज्याला जे उचलता येईल ते उचला म्हणून सांगितलं. शहाण्या माणसांनी पंखे नेले, खुर्च्या नेल्या. एकाने तर संडासाची दारं नेली. आमच्या ह्यांनी हे नेलं. पत्रे उडालेल्या शेडमध्ये ते भिजत पडलं होतं. गंजून लाल झालेलं, टेबल सरकवायचं चाक जागच्या जागी बसलेलं, आणि आतून उंदरांचा वास.

"माझी सगळी उमर गेली याच्यावर," हे म्हणाले. "ओळखतं ते मला."

"मग त्याला म्हणावं, जरा हलून दाखव."

मी बोलणं चेष्टेवर नेलं. कारण ह्या लोखंडाशिवाय आमच्याकडे दुसरं काही नव्हतं, आणि ते चाललं नाही तर काय, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या 'काय'चं तोंड रोज दाराशी येऊन बसायचं. खाणीचा मुकादम. आत ये म्हटलं तरी यायचा नाही, पाणी दिलं तर प्यायचा नाही, उंबऱ्यावर बसून विडी ओढायचा. "मी काही जबरदस्ती करत नाही हो वहिनी. खाणीला माणूस लागतं, तुम्हाला काम लागतं. घरातलं एक माणूस द्या. महिनाअखेरच्या सोमवारी ट्रक निघतो."

याच माणसाने मोठ्या दिरांना नेलं होतं, आणि यानेच त्यांना पेटीत घालून परत आणलं. पेटी उघडू नका म्हणाला होता. जाऊबाईंनी उघडली. आत काय बघितलं ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पण मुकादम आला की त्या चुलीपुढून उठायच्या नाहीत, आणि जाळात नको तेवढी लाकडं घालत बसायच्या.

दुसरा एक माणूस होता, पंपवाला. पाण्याचे पंप बनवायचा त्याचा कारखाना. त्याला पंपांची झाकणं करून हवी होती, वर्षभर पुरेल एवढं काम. तो ह्यांना म्हणाला होता, "मशीन जुनं असू दे, मला काय त्याचं. झाकण गळता कामा नये. महिनाअखेरच्या मंगळवारी या बाजूला येतोय, एक झाकण माझ्यासमोर काढून दाखवा. बसलं तर काम तुमचं."

सोमवारी ट्रक, मंगळवारी पंपवाला. जसा काही दोघांनी ठरवूनच आमचा जीव टांगणीला लावला होता.

मग आमचं मागच्या खोलीतलं आयुष्य सुरू झालं. रॉकेलमध्ये बुडवलेल्या चिंध्या, तारेचे ब्रश, नखांत गेलेला गंज. अडकलेला एकेक बोल्ट रात्रभर तेलात बसवायचा, सकाळी हातोडीने गोंजारायचा, मग कुठे तो हूं म्हणायचा. हे सकाळी मशीनशी झटायचे आणि दुपारी वखारीत लाकडं उतरवायला जायचे. परत यायचे ते वाकूनच. मी पाठीला तेल लावताना म्हणायची, "मशीनला लावू का तुम्हाला लावू, तेल एकच आहे." मग हसायचे जरा.

चाक फिरलं. गिअर मोकळे झाले. पण मशीनचं वरचं सरकणारं टेबल काढून उलटं केलं तेव्हा बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोट फिरवून सांगितलं, "झिजलंय. हे असंच बसवलं तर झाकण कसलं, ताटसुद्धा सरळ निघायचं नाही. खरवडायला लागेल. हाताने."

बाबा जन्मभर फिटर. आता धाप लागायची, दोन पावलं चालले की भिंत धरायचे, पण डोळा आणि जीभ शाबूत. त्यांच्याकडे त्यांची पट्टी होती. बिडाची, हाताच्या दीड पट लांब, पाठीला कमान असलेली. तिचं तोंड, म्हणजे समोरची सपाट बाजू, इतकं सरळ की बाबा म्हणायचे, माझा शब्द वाकेल पण ही वाकणार नाही. कारखान्यातली पोरं तिला नुसत्या हाताने धरायला गेली तर ते मनगटावर फटका द्यायचे. हाताची ऊब लागते, म्हणायचे, फडक्याने धर. मुलांना त्यांनी कधी मांडीवर घेतलं नसेल, पट्टीला घ्यायचे.

काम असं. पट्टीच्या तोंडाला निळा रंग पुसटसा लावायचा. पट्टी टेबलाच्या पाठीवर ठेवून जराशी सरकवायची. लोखंड जिथे उंच असेल तिथे निळा ठिपका उमटतो. तेवढाच ठिपका स्क्रेपरने, म्हणजे लांब दांड्याच्या धारदार पात्याने, खरवडायचा. मग पुसायचं, पुन्हा पट्टी, पुन्हा ठिपके. लोखंड निघतं किती, तर डोळ्यात गेलेलं कुसळ मोठं. स्क्रेपर हाताने रेटून दम निघतो म्हणून त्याचा दांडा कमरेला लावून अंगाने रेटायचा. दोन दिवसांत माझ्या कमरेला वांग्याएवढा काळानिळा डाग पडला. हे दुपारी गेले की मीच करायची, आणि खोटं का बोलू, हात बसला माझा. बाबा स्टुलावर बसून एवढंच म्हणायचे, "हलकं. खणू नकोस. शेत नव्हे ते."

थंडीचे दिवस होते. धुकं दाराच्या फटीतून आत यायचं. मागच्या खोलीला ओल अशी की सकाळी साफ केलेलं लोखंड संध्याकाळी तांबूस. एकच भिंत कोरडी, स्वयंपाकघराच्या बाजूची, कारण तिच्या पलीकडे जाऊबाईंची चूल. जाऊबाई दवाखान्याच्या चादरी धुवायच्या. पहाटेपासून दुपारपर्यंत चुलीवर हंडे उकळत असायचे, आणि आम्ही चौघं जेवत होतो ते त्या हंड्यांवर. त्या भिंतीत बाबांनी दोन लाकडी खुंट्या ठोकून घेतल्या. पाठ भिंतीला, तोंड बाहेर, अशी पट्टी तिथे बसवायची. वापर झाला की लगेच जागेवर. एकदा मी ती घटकाभर बाकावर ठेवली तर केवढे ओरडले माझ्यावर. "गंज धरला तिला तर सगळं मातीत. जागेवर म्हणजे जागेवर!"

मला आपली ती जागा आवडायची. बोटं थंडीने बधिर झाली की पट्टी काढायच्या निमित्ताने मी तिच्या पाठीवर हात टेकून घ्यायची. छान कोमट असायची. बाबांनी बघितलं की, "लोखंड आहे ते. शेगडी नव्हे." मी फडकं घ्यायची.

पहिल्यांदा निळं फक्त दोन्ही टोकांना उमटायचं, मधे कोरडं. बाबा म्हणाले, मधे झिजलंय, टोकं खाली घ्या. आम्ही टोकं खाली घेतली. किती दिवस घेतली देव जाणे. जेवताना हात निळे, पदर निळा, ह्यांचा कान निळा. दवाखान्याच्या एका चादरीवर माझी चार निळी बोटं उमटली आणि तिथल्या बाईने सगळ्यांसमोर ती चादर जाऊबाईंच्या अंगावर फेकली. जाऊबाईंनी घरी येऊन ती पुन्हा उकळत घातली. मला म्हणाल्या, "बोटं तरी सरळ उमटव गं." एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मग एक दिवस निळं सगळीकडे उमटलं. टोकापासून टोकापर्यंत, मसुरीच्या दाण्यांसारखे बारीक ठिपके. बाबांनी चष्मा खाली घेतला, वर केला, पुन्हा खाली घेतला. "बसवा," म्हणाले. ह्यांनी मला सगळ्यांदेखत जवळ घेतलं, बाबांची लाज न धरता. त्या दिवशी मुकादम आला तर मीच त्याला दारातून म्हटलं, "दुसरं घर बघ."

गुरुवारी टेबल चढवायचं ठरलं. त्या सकाळी जाऊबाईंना ताप भरला. अंग तव्यासारखं. मी त्यांच्यावर होतं नव्हतं ते पांघरूण घातलं आणि चूल पेटवलीच नाही. मागच्या खोलीत हे म्हणाले, "चढवायच्या आधी एकदा शेवटची पट्टी फिरवू. डोळे भरून बघू तरी."

मी पट्टी काढली. फडक्यातूनसुद्धा हाताला चटका बसावा इतकी गार. रंग लावला, ठेवली. ठेवली तशी ती हलली. ह्यांनी टोकाला एक बोट लावलं आणि पट्टी मधल्या मधे भिंगरीसारखी फिरली.

उचलून बघितलं तर मधोमध एक निळा डाग, आणि दोन्ही टोकं कोरडी ठणठणीत.

"रंग कमी पडला असेल," मी म्हटलं. पुन्हा लावला. पुन्हा तेच. हे टेबलाखाली वाकून बघायला लागले, ठोकळे सरकले का, पाचर निघाली का. "असं कसं होईल? परवा बसत होती. बाबा, परवा बसत होती ना?"

बाबा स्टुलावरून उठले. भिंत धरायला हात टेकला आणि तो हात तसाच राहिला. खुंट्यांच्या मधे, पट्टीच्या जागेवर. मग त्यांनी दुसराही हात टेकला. "आज चूल नाही," ते म्हणाले.

"वहिनींना ताप आहे."

"आज चूल नाही," ते पुन्हा म्हणाले, आणि खालीच बसले, जमिनीवर, ओलीत.

मला कळायला वेळ लागला. त्यांनी सांगितलं तेही तुटक तुटक, धाप लागून. भिंत तापायची. भिंतीला पाठ लावून पट्टी तापायची, पाठ गरम, तोंड गार. पाठ फुगली की तोंड वाकतं, केसाएवढं, पण वाकतं. वाकलेल्या पट्टीने आम्ही टेबल मापत होतो. आणि मापून झालं की, शिस्तीत, तिला पुन्हा तापायला लावत होतो. टेबल नीट करता करता आम्ही आमच्याच हातांनी त्याच्या पाठीत कुबड काढून ठेवलं होतं.

"हाताची ऊब लागते म्हणून मारायचो मी पोरांना," बाबा म्हणाले. "पोरांना मारायचो." मग त्यांनी स्वतःच्याच मनगटावर फटका मारला. एक मारला, दुसरा मारला. ह्यांनी हात धरला तेव्हा थांबले.

मी सांगते, मला राग आला होता. इतका की तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं कुणास ठाऊक. कमरेचा डाग ठणकत होता. मी बाहेर जाऊन मोरीत तोंड धुतलं आणि तिथेच रडून घेतलं.

आत आले तर हे चौकटीला टेकून उभे होते. "चार दिवस आहेत," म्हणाले. "मधलं कुबड उतरवायचं, आणि तेही पट्टी आणि खोली सारखी गार असेल तरच. चूल पेटलेली चालायची नाही, एवढ्याशा खोलीत पट्टी कुठेही ठेवली तरी ऊब लागणार. आणि चूल बंद ठेवायची तर चादरी जातात." बाह्या खाली केल्या. "जातो मी. वर्षभराचाच तर प्रश्न आहे. मुकादमाला निरोप धाडतो."

"आत्ता?"

"मग काय करू? चूल विझवून सगळ्यांना उपाशी ठेवू, आणि एवढं करून पंपवाल्याने नाही म्हटलं तर?"

पलीकडे काहीतरी धडपडलं. जाऊबाई पांघरुणातून उठून चुलीपाशी आल्या होत्या. डोळे तापाने लाल, केस सुटलेले. वैलाखालच्या राखेत कालचे निखारे अजून जीव धरून होते. त्यांनी हंडा उचलला, कसा उचलला त्यांनाच ठाऊक, आणि सगळा चुलीत ओतला. राख उसळून त्यांच्या तोंडावर आली. फस्स झालं आणि घरभर ओला धूर.

"वहिनी!" हे ओरडले.

"एकाची पेटी उघडली मी," जाऊबाई म्हणाल्या. "दुसऱ्याची हिला उघडायला लावणार नाही." आणि परत जाऊन झोपल्या.

शुक्रवारी दवाखान्याचा माणूस आला, न धुतलेल्या चादरींची गाठोडी मोजून परत घेऊन गेला. पलीकडच्या गल्लीतल्या बाईकडे दिली म्हणाला. जाऊबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. मी शेजारणीकडे जाऊन तिच्या चुलीवर भात शिजवून आणायची, तो घरी येईपर्यंत गार. शेजारीण म्हणाली, "तुमच्याकडे चूल आहे ना गं?" मी म्हटलं, "आहे. तिला सुट्टी दिलीय." ती हसली. मी दारापर्यंत हसतच आले.

पट्टी आता खोलीच्या मधोमध, लाकडावर, चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेली. भिंत वरून गार लागत होती, पण पट्टी, टेबल आणि खोली आतून सारखी गार व्हायलाच शनिवार उजाडला. तोवर हात लावायची सोय नव्हती. मग सुरू झालं. हे आणि मी आळीपाळीने, एक खरवडतोय तर दुसरा तोंडाच्या वाफेने बोटं शेकतोय. बाबा दोन हात बगलेत घालून बसायचे आणि काही बोलायचे नाहीत. ते 'हलकं, खणू नकोस' ऐकायला मी आतुरले होते. रविवारी मीच मुद्दाम विचारलं, "बाबा, फार खणतेय का मी?" तर म्हणाले, "मला काय विचारतेस."

सोमवारी सकाळी निळं मधे होतं, डाव्या टोकाला होतं, उजवीकडे वीतभर अजून कोरडं. दिवसभराचं काम बाकी. आणि ट्रकचा भोंगा वाजला.

ह्यांनी गाठोडं आदल्या दिवशीच बांधून ठेवलं होतं, मुकादमाला निरोपही धाडला होता. मला न विचारता. ते दारामागून उचलायला गेले तर गाठोडं नाही.

बाहेर हसण्याचा आवाज. ट्रकमध्ये वीसेक माणसं दाटीवाटीने बसलेली, आणि मधे आमचे बाबा, मांडीवर ह्यांचं गाठोडं. कसे चढले, किती वेळ लागला असेल, आम्हाला पत्ता नाही. ओठ निळे पडलेले, रंगाने नव्हे.

"आजोबा, उतरा. चेष्टा पुरे झाली," मुकादम म्हणत होता.

"घरातलं एक माणूस म्हणालास ना? मी घरातलाच आहे."

"तिकडे काय करणार तुम्ही? खोकणार?"

माणसं पुन्हा हसली. एकाने बाबांची टोपी उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवली. बाबांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ट्रकची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून म्हणाले, "चूक माझी आहे. त्याची नाही. माझं नाव लिही."

हे चाक धरून वर चढले. बापाचं एकेक बोट दांडीवरून सोडवायला लागलं. कसलं बळ होतं त्या हातांत! "बाबा, सोडा. बाबा, ऐका माझं." शेवटी त्यांना लहान पोरासारखं कडेवर घेतलं आणि खाली उतरले. टोपी कुणीतरी परत दिली.

"चल, ठेव त्यांना आत आणि तू बस," मुकादम म्हणाला. "उशीर झालाय."

"ठेवून येतो," हे म्हणाले. माझ्यासमोरून गेले, माझ्याकडे न बघता. मी दारात उभी. भोंगा वाजला. पुन्हा वाजला. आतून काही आवाज येईना आणि माझी वळून बघायची हिंमत होईना.

मग आला. खर्र. थोडं थांबून, खर्र. बिडावर स्क्रेपर.

"वहिनी, मी पुन्हा येणार नाही हां," मुकादम म्हणाला. "उद्या पंपवाल्याने हाकललं तर माझ्या नावाने रडू नका. सांगून ठेवतो."

माझ्या मागून जाऊबाई आल्या. इतक्या दिवसांत त्याच्याशी पहिल्यांदाच बोलल्या. "येऊ नकोस," म्हणाल्या.

ट्रक गेला. गल्लीत धूर राहिला. आता चूल गेली होती, चादरी गेल्या होत्या, ट्रकही गेला होता. मागच्या खोलीत उलटं पडलेलं एक टेबल, एवढंच उरलं होतं. आत जाऊन मी स्क्रेपर ह्यांच्या हातून घेतला आणि दांडा कमरेला लावला.

"हलकं," कोपऱ्यातून बाबा म्हणाले. आवाज बसलेला. "खणू नकोस."

"शेत नव्हे ते, माहितीय," मी म्हटलं, आणि डोळ्यांतलं पाणी टेबलावर पडू नये म्हणून बाहीने पुसलं.

ऊन छपरावरून उतरायला लागलं तेव्हा ह्यांनी शेवटची पट्टी ठेवली. टोकाला बोट लावलं. पट्टी मधल्या मधे फिरली नाही. जड, चिकटून बसल्यासारखी, हळूच सरकली. उचलली. टोकापासून टोकापर्यंत ठिपके. बाबांनी चष्मा न लावता, नाक टेकेल इतकं वाकून पाहिलं, आणि 'बसवा' म्हणाले नाहीत. रात्री टेबल चढवू, उद्या माणूस येईल, झाकण काढू, बसलं तर बसलं.

बाबांनी पट्टी पुसली आणि माझ्यापुढे धरली, फडक्याशिवाय.

"धर. झालंय काम. आता हात लावलास तर चालेल."

मी दोन्ही तळवे तिच्या पाठीवर टेकवले. बर्फासारखी गार होती, पार हाडापर्यंत गार. मी हात काढले नाहीत.